काचेच्या तंतूतील प्रकाशाचा पीळ

धाराशिव जिल्ह्यात रस्त्याकडेला खणलेल्या आणि पुन्हा बुजवलेल्या चरांमध्ये आता केसाच्या जाडीचे काचेचे तंतू आहेत. २०११ साली मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत ओएफसी (ऑप्टिकल फायबर केबल) न्यायचे ठरवले आणि ही केबल गावोगावच्या बोलण्यात आली. तरी तिचा विषय दोनदाच निघतो, नेट आले तेव्हा आणि जेसीबीने केबल तोडली तेव्हा. मधल्या काळात आत काय चालते, याची विचारपूस करण्याचे कारण पडत नाही. आत जे चालते त्यावर मात्र भौतिकशास्त्रात बराच काथ्याकूट झालेला आहे. प्रकाशाला कोनीय संवेग असतो, म्हणजे तो ज्या वस्तूवर पडतो तिला नुसता ढकलत नाही, फिरवूही शकतो. हा संवेग दोन प्रकारचा, एक स्पिन आणि दुसरा कक्षीय. मोकळ्या हवेत हे दोघे सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, तंतूत जातात. दळणवळणाच्या अभियंत्याला हा ताप वाटतो, भौतिकशास्त्रज्ञाला घबाड वाटते. या प्रश्नावर गेल्या नव्वदेक वर्षांत झालेले काम एकत्र ठेवून पाहिले तर माझ्या मते निकाल असा लागतो: जास्त माहिती वाहून नेण्याच्या कामी या परस्परक्रियेचा जेवढा गाजावाजा झाला तेवढी तिची ऐपत नाही, आणि तंतूला बाहेरच्या जगाची चाहूल लागावी म्हणून तिचा जो उपयोग होऊ शकतो, त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. भूकंपाची आठवण असलेल्या या जिल्ह्यात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

आधी दोन्ही संवेगांची ओळख. रिंगणात वारकरी एका मध्याभोवती धावतो, आणि त्याच वेळी बाजूला फुगडी घालणारी जोडी जागच्या जागी गरगरते. पहिली गती कक्षीय, दुसरी स्पिन. प्रकाशाच्या बाबतीत स्पिन म्हणजे वर्तुळी ध्रुवण: किरण पुढे जाताना त्याचे विद्युतक्षेत्र जागच्या जागी डावीकडे किंवा उजवीकडे फिरत राहते. अशा प्रकाशात कोनीय संवेग असला पाहिजे, असे पॉइंटिंगने १९०९ मध्ये मांडले. फोटॉनच्या स्पिनचा प्रायोगिक पुरावा म्हणून सी. व्ही. रामन आणि एस. भगवंतम् यांनी १९३१ मध्ये कलकत्त्याहून प्रकाशाच्या विखुरण्यावरचे आपले काम प्रसिद्ध केले, आणि १९३६ मध्ये बेथ याने क्वार्ट्‌झच्या धाग्याला टांगलेली चकती वर्तुळी ध्रुवित प्रकाशाने वळते हे थेट मोजून दाखवले. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत बेथ असतो, कलकत्त्याचे काम सहसा नसते. कक्षीय संवेगाला मान्यता मिळायला मात्र १९९२ साल उजाडले. लायडनमधल्या ॲलन, बेयर्सबर्गन, स्प्रिऊ आणि वूर्डमन यांनी दाखवले की ज्या लेझर झोताचे तरंगाग्र मळसूत्रासारखे असते, त्याचा प्रत्येक फोटॉन पूर्णांकी पटीत कक्षीय संवेग घेऊन चालतो. स्पिनला दोनच किमती, अधिक एक किंवा उणे एक. कक्षीय संवेगाला मात्र वरची मर्यादा नाही. मळसूत्राचे जितके आटे तितकी किंमत, आणि झोताच्या मध्यभागी काळोखाचे टिंब. याच ‘मर्यादा नाही’मुळे पुढे अनेकांच्या तोंडाला पाणी सुटले.

मोकळ्या हवेत जाणाऱ्या रुंद झोतात हे दोन्ही हिशेब वेगवेगळे ठेवता येतात. ध्रुवण बदला, मळसूत्र तसेच राहते. मळसूत्र बदला, ध्रुवण तसेच. तंतूत हे का जमत नाही, याचे मूळ एका साध्या अटीत आहे. प्रकाशाचे क्षेत्र त्याच्या चालीच्या दिशेशी काटकोनात असावे लागते. दिशा वळली की क्षेत्रालाही वळावे लागते. तंतूचा गाभा आठ-नऊ मायक्रॉन रुंद, त्याच्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाचे आवरण, आणि दोन्ही मिळून जाडी १२५ मायक्रॉन. एवढ्या अरुंद वाटेत कोंडलेला प्रकाश सरळ रेषेत जात नाही. तो सीमेवरून परतत, थोडा तिरका होत पुढे सरकतो. तिरका झाला की त्याच्या क्षेत्राचा लहानसा भाग तंतूच्या अक्षाच्या दिशेने येतो. वर्तुळी ध्रुवित प्रकाश घेतला तर या अक्षीय भागाचे तरंगाग्र आपोआप मळसूत्री होते: स्पिनचा थोडासा ऐवज कक्षीय खात्यात जमा होतो. तंतू अगदी गोल आणि निर्दोष असेल तर दोन्हींची बेरीज कायम राहते, मात्र वाटणी निश्चित राहत नाही. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हेच घडते, आणि तिथून हे नावही आले: स्पिन-कक्षा परस्परक्रिया. तंतूतील प्रकाशावरचा तिचा परिणाम फार बारीक असतो, कारण गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकांत फरकच जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आतला असतो. पण तंतू लांब असतो, आणि बारीक परिणाम लांबीवर साठत जातात.

पहिला ठोस पुरावा मिळाला तो तंतूच्या आकारातून. रशियात रितोव्हने १९३८ मध्ये आणि व्लादिमिर्स्कीने १९४१ मध्ये गणिताने दाखवले होते की किरणाची वाट एका प्रतलात न राहता अवकाशात वळत गेली तर त्याचे ध्रुवण फिरते. हे काम बरीच वर्षे धूळ खात पडले. १९८४ मध्ये मायकेल बेरीने भौमितिक फेजची, म्हणजे केवळ वाटेच्या भूमितीमुळे तरंगाच्या तालात पडणाऱ्या फरकाची, सर्वसाधारण मांडणी केली, त्याच वर्षी रॉसने गुंडाळलेल्या तंतूत ध्रुवणाचे फिरणे मोजले, आणि १९८६ मध्ये तोमिता व चाओ यांनी एकच मोड, म्हणजे प्रकाश जाण्याची एकच ठरलेली तऱ्हा, वाहणारा तंतू मळसूत्रासारखा गुंडाळून बेरीची मांडणी पडताळली. या प्रयोगाचे आकडे हाताने काढता येतात. पाच सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यावर तंतू असा गुंडाळा की एका फेऱ्यात तो नळीच्या लांबीवर सुमारे सव्वासत्तावीस सेंटिमीटर पुढे जाईल. मग तंतूची दिशा नळीच्या अक्षाशी ३० अंशांचा कोन करते. एका फेऱ्यात ही दिशा एक शंकू आखून मूळ जागी येते. त्या शंकूचा घनकोन निघतो सुमारे ०.८४, आणि अंशांत सांगायचे तर ४८. रेषीय ध्रुवित प्रकाशाची पातळी एका फेऱ्यात एवढीच फिरते. लाल प्रकाश घ्या की अवरक्त, काच ही घ्या की ती, उत्तर तेच. कारण हे फिरणे काचेच्या गुणाचे नाही, वाटेच्या भूमितीचे आहे. अट एकच, तंतूला स्वतःच्या अक्षाभोवती पीळ बसू द्यायचा नाही, म्हणजे तो सैल नळीत ठेवायचा. इथे ‘कक्षा’ म्हणजे प्रकाशाची अख्खी वाट, आणि स्पिन त्या वाटेला प्रतिसाद देते: डावे आणि उजवे ध्रुवण विरुद्ध चिन्हांची फेज कमावतात.

या ठिकाणी एक भारतीय नाव आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिवरामकृष्णन पंचरत्नम् यांनी १९५६ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत स्फटिकांतील ध्रुवणाचा अभ्यास करताना दाखवले की ध्रुवणाची अवस्था बदलत बदलत मूळ पदावर आणली तरी प्रकाशाला एक जादा फेज चिकटते, आणि ती ध्रुवणाच्या सर्व अवस्था दाखवणाऱ्या पॉइनकारे गोलावर आखलेल्या क्षेत्राच्या घनकोनाच्या निम्मी असते. बेरीने १९८७ मध्ये हे काम आपल्या सिद्धांताचे पूर्वरूप म्हणून जगापुढे आणले, तोवर पंचरत्नम् जाऊन अठरा वर्षे झाली होती. तोमिता-चाओ यांच्या तंतूत फिरते ती प्रकाशाची दिशा. पंचरत्नम् यांच्या मांडणीत फिरते ती ध्रुवणाची अवस्था. जमिनीत पुरलेल्या खऱ्या केबलमध्ये दोन्ही एकाच वेळी चालू असतात. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

दुसरा पुरावा उलट दिशेचा. वाट स्पिनला वळवते, तर स्पिनने वाट वळवली पाहिजे. एकतर्फी परस्परक्रिया असत नाही. चेल्याबिन्स्कमधल्या झेल्दोविच, लिबरमन, दुगिन आणि कुंदिकोव्हा यांनी १९९० ते १९९२ या काळात अनेक मोड वाहणाऱ्या जाड गाभ्याच्या तंतूत वर्तुळी ध्रुवित प्रकाश सोडला. अशा तंतूच्या टोकाला ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी दिसते. ध्रुवण डावीकडचे उजवीकडे केले की ती सगळी नक्षी लहानशा कोनातून वळली. फिरत्या चेंडूचा मार्ग वाकतो त्या मॅग्नस परिणामाचे नाव त्यांनी याला दिले. वळण छोटे होते, पण चिन्ह बरोबर होते आणि ध्रुवण उलटताच ते उलटत होते. स्पिन कक्षेला ढकलते याबद्दल शंका उरली नाही.

तिसरा पुरावा मोडच्या आतला, आणि दळणवळणाचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. तंतूतील प्रकाशाचा सर्वांत साधा मोड म्हणजे मध्यभागी उजळ टिकला. त्याच्या वरच्या गटात चार मोड असतात, आणि कामचलाऊ सिद्धांतानुसार चौघांचाही वेग सारखा. प्रत्यक्षात स्पिन-कक्षा परस्परक्रिया या गटात फूट पाडते. स्पिन आणि कक्षीय संवेग एकाच दिशेचे असलेले दोन मोड एका वेगाने जातात. त्यांना एचई-२१ म्हणतात. परस्परविरुद्ध दिशेचे दोन मात्र तसे टिकतच नाहीत. ते टीई आणि टीएम अशा दोन वेगळ्या वेगांच्या मोडमध्ये विरघळतात, एकात क्षेत्र वर्तुळाकार आणि दुसऱ्यात आरे फाकल्यासारखे. म्हणजे कक्षीय संवेगाची सर्वांत लहान किंमत घेतली तरी, स्पिन तिच्या बाजूने असेल तरच ती तंतूत शाबूत राहते. साध्या तंतूत ही फूट अतिशय निरुंद असते. अपवर्तनांकाच्या भाषेत ती दहा लाखांत एक धरली, तर १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला दोन मोडचा ताल चुकून पुन्हा जुळायला सुमारे दीड मीटर लागतो. केबलमधले बाक, दाब, बांधणीचे ताण हेही साधारण त्याच पल्ल्याचे असतात, आणि म्हणून मोड एकमेकांत सर्रास मिसळतात.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. फॉल्ट शोधणारा तंत्रज्ञ तंतूच्या टोकात जी लाल लेझरची पेन लावतो, तिची तरंगलांबी ६५० नॅनोमीटरच्या आसपास असते. तंतू एकच मोड वाहतो तो १२६० नॅनोमीटरच्या पुढच्या अवरक्त प्रकाशासाठी. लाल प्रकाशाला त्याच तंतूत ढोबळ हिशेबाने बारा मोड मोकळे असतात, त्यांत मळसूत्री प्रकाशाचे घटकही आले. दुसऱ्या टोकातून निघणारा लाल प्रकाश पांढऱ्या कागदावर घेतला की कधी दोन पाकळ्या दिसतात, कधी वेटोळे, कधी वेडावाकडा ठिपका. आणि मधे कुठे तंतूला बोट लावले की आकृती सरकते. ती सरकते त्यात मोडची मिसळण, स्पिनचा आणि कक्षेचा हिशेब, सगळे एकत्र असते. वर्षानुवर्षे हजारो तंत्रज्ञांनी हे पाहिले आणि तंतू शाबूत आहे एवढा निष्कर्ष काढून पेन खिशात ठेवली. त्यांचे चुकले असे नाही, त्यांचे काम तेवढेच होते.

मळसूत्री प्रकाश टिकवायचा तर फूट रुंद केली पाहिजे, हे सिद्धार्थ रामचंद्रन यांनी हेरले. पोल क्रिस्टेन्सन आणि यान यांच्यासह २००९ मध्ये त्यांनी असा तंतू वापरला ज्यात उंच अपवर्तनांकाचे कडे गाभ्याभोवती असते. कड्याच्या तीव्र सीमेवर परस्परक्रिया जोर धरते, फूट दहा हजारांत एकपर्यंत जाते, आणि ताल जुळण्याचे अंतर दीड मीटरवरून दीड सेंटिमीटरवर येते. केबलमधले बाक त्यापेक्षा बरेच लांब पल्ल्याचे असल्याने मोड मिसळणे जवळपास थांबते. ज्या परस्परक्रियेमुळे मळसूत्री प्रकाश बिघडत होता, तिलाच बळ देऊन तो वाचवला, यात या सगळ्या विषयाची गंमत आहे. २०१३ मध्ये बोझिनोविच, रामचंद्रन, ॲलन विलनर आणि सहकाऱ्यांनी अशाच १.१ किलोमीटर तंतूतून एका तरंगलांबीवर चार मोड वापरून सेकंदाला ४०० गिगाबिट, तर दोन मोड आणि दहा तरंगलांब्या वापरून १.६ टेराबिट माहिती पाठवली. वृत्तपत्रांनी मग मळसूत्री प्रकाश इंटरनेटचे भविष्य ठरवून टाकला.

इथे आक्षेप घ्यायला जागा आहे आणि तो घेतलाही गेला. तंतूत किती मोड मावतील, हे तंतूचा आकार आणि अपवर्तनांकातला फरक ठरवतो. त्या मोडना मळसूत्री म्हणा की पाकळ्यांचे म्हणा, संख्या तीच राहते. कक्षीय संवेगाला वरची मर्यादा नसली तरी तंतूला आहे. नवी वाट उघडली असे वाटते तिथे प्रत्यक्षात जुन्याच वाटांना नवी नावे दिलेली असतात. हा आक्षेप मला मूलतः मान्य आहे. नव्या नावांचा फायदा एवढाच की मोड मिसळत नसल्याने टोकाला मिसळण उलगडण्याचे अवजड गणित करावे लागत नाही. हा फायदा खरा आहे; मात्र तो वीज आणि चिपच्या खर्चात मोजायचा, माहितीच्या अमर्याद समुद्रात नाही. शिवाय खास तंतू ओढा, खास जोड लावा, खास झोत तयार करा, हा व्याप वेगळा. उद्योगाने कुठला रस्ता धरला हे मराठवाड्यातच दिसते. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथे काचेचे जाड दांडे (प्रीफॉर्म) बनवून तंतू ओढणाऱ्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीजने २०२२ मध्ये भारतातला पहिला म्हणून जो बहुगाभा तंतू मांडला, त्यात एकाच आवरणात अनेक गाभे शेजारी-शेजारी असतात. प्रत्येक गाभ्यात तोच जुना, साधा मोड. ही युक्ती मळसूत्रापेक्षा कमी देखणी आहे आणि व्यवहारात तिचीच सरशी होण्याची शक्यता अधिक.

तरी हा निकाल एकतर्फी लिहू नये. २०२३ मध्ये रामचंद्रन यांच्याच गटाने दाखवले की कक्षीय संवेग पुरेसा मोठा असेल तर प्रकाशाभोवती केंद्रापसारी अडथळा उभा राहतो आणि जो मोड नेहमीच्या नियमाने गळून जायला हवा तोही तंतूत टिकतो. गळू पाहणाऱ्या मोडमध्ये आपसातली मिसळण कमी असल्याने पन्नासेक वाटा एकाच वेळी वापरण्याजोग्या होतात. इथे कक्षीय संवेगाने नव्या नावापलीकडे काही दिले, हे कबूल करावे लागते. कमी पल्ल्याच्या, मोठ्या क्षमतेच्या जोडण्यांत, उदाहरणार्थ एखाद्या डेटा सेंटरच्या आत, याला जागा मिळू शकते. उमरगा तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीला त्याचा काही उपयोग नाही. तिथे अडचण तंतूच्या क्षमतेची नसून तो जोडलेला राहण्याची आहे.

आणखी एक आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो अधिक खोल जातो. तंतूत फक्त एकूण कोनीय संवेग टिकतो, स्पिन आणि कक्षीय असे वाटे टिकत नाहीत. मग जे वेगळे नाहीत त्यांची परस्परक्रिया म्हणजे काय? ही सगळी आपणच घातलेली विभागणी नव्हे का? उत्तर असे की विभागणी अंदाजी असली तरी निरर्थक ठरत नाही. कमी फरकाच्या तंतूत ती हजारात दोन-चार भागांपर्यंत खरी असते, आणि तिच्यातून जे भाकीत निघते, म्हणजे ध्रुवण उलटताच नक्षी किती फिरेल, एका फेऱ्यात पातळी किती अंश वळेल, ते मोजून पडताळता येते. मॅक्सवेलच्या समीकरणांतून हेच आकडे स्पिन आणि कक्षा हे शब्द न उच्चारताही काढता येतील. पण मग टीई आणि टीएम वेगळे का पडले आणि एचई-२१ची जोडी एकत्र का राहिली, याचे कारण हाती लागणार नाही, फक्त आकडे लागतील.

आता जाणवण्याच्या बाजूकडे. तंतू ओढतानाच कारखाना ध्रुवणाच्या चंचलपणाची दखल घेतो. दोन हजार अंशांच्या आसपास तापलेल्या प्रीफॉर्मचे टोक ओघळते आणि त्याचा १२५ मायक्रॉनचा धागा ओढला जातो. त्या वेळी तो अगदी गोल होत नाही, किंचित लंबगोल राहतो. त्यामुळे दोन ध्रुवणांचा वेग वेगळा पडतो आणि सिग्नलचे स्पंद पसरतात. यावर उपाय म्हणून ओढतानाच रोलरने धाग्याला डावा-उजवा पीळ देतात, म्हणजे लंबगोलपणा एका दिशेने साठत नाही. एवढी काळजी घेऊनही पुरलेल्या केबलमध्ये ध्रुवण स्थिर राहत नाही. तापमान बदलले, वरून ट्रक गेला, जमीन हलली की ते सरकते. तंतूला पीळ बसला तर ध्रुवणाची पातळीही त्या पिळाच्या दहाव्या भागाहून कमी प्रमाणात मागे-पुढे होते. दळणवळणाच्या यंत्राला हे सगळे उणे करायचे असते. लांब पल्ल्याच्या मार्गांवरचे आधुनिक कोहेरंट रिसीव्हर सेकंदाला असंख्य वेळा ध्रुवणाची अवस्था शोधतात, तिच्यानुसार सिग्नल सरळ करतात आणि ती माहिती टाकून देतात.

टाकून दिलेल्या या माहितीत काय असते, ते २०२१ मध्ये दिसले. गुगलच्या ‘क्युरी’ या लॉस एंजेलिस ते चिलीतील वाल्परायसो या सुमारे दहा हजार किलोमीटरच्या समुद्री केबलवर जान झोंगवेन आणि सहकाऱ्यांनी रिसीव्हरने आधीच मोजलेले ध्रुवण तपासले आणि त्यात मध्यम ते मोठे अनेक भूकंप व समुद्राच्या लाटांचे ठसे सापडले. एकही नवा सेन्सर बसवलेला नव्हता. धाराशिवच्या वाचकाला याचा संदर्भ वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा लातूरमधल्या किल्लारीबरोबर आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर आणि आजूबाजूची गावे जमीनदोस्त झाली, दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, या समजुतीला त्या पहाटे तडा गेला. अशा प्रदेशात भूकंपमापकांचे जाळे विरळ राहणे साहजिक असते, कारण शंभर-शंभर वर्षे काही घडत नाही. तंतू मात्र आधीच पुरलेला असतो.

यावरचे आक्षेप बळकट आहेत आणि ते झाकून उपयोग नाही. समुद्रतळ शांत असतो. महामार्गाकडेची जमीन अजिबात नसते. उसाचे ट्रॅक्टर, पुलावरची थरथर, खांबावरून गेलेल्या केबलला लागणारा वारा, मराठवाड्यातल्या वळवाच्या विजा, सगळ्यांचे ठसे ध्रुवणात उमटतात. वीजवाहिनीबरोबर टांगलेल्या तंतूत तर विजेच्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्रच ध्रुवण फिरवते. दुसरे, ध्रुवणात पूर्ण लांबीची बेरीज मिळते. हादरा नळदुर्गजवळ बसला की उमरग्याजवळ हे एका तंतूवरून कळत नाही. तिसरे, आणि या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत टोचणारे: पुरलेल्या केबलमध्ये ध्रुवण फिरते ते मुख्यतः ताणामुळे आलेल्या द्विअपवर्तनाने, म्हणजे दोन ध्रुवणांच्या वेगांतल्या फरकाने, तोमिता-चाओच्या भूमितीने नव्हे. म्हणजे पंचरत्नम् यांचा गोल इथे अधिक कामाचा. पण याच तिसऱ्या आक्षेपात पुढची दिशा आहे. एका मोडच्या तंतूत हाती येते ती फक्त स्पिनची कहाणी. मळसूत्री मोड वापरले तर बाक, दाब आणि पीळ हे तिन्ही टीई, टीएम आणि एचई-२१ यांना वेगवेगळ्या प्रकारे मिसळतात, आणि मिसळण्याच्या तऱ्हेवरून तंतूला नेमके काय झाले हे ओळखण्याची शक्यता निर्माण होते. दळणवळणात जो दोष म्हणून मोजला गेला, तोच इथे संदेश ठरतो. शक्यता म्हणतो, कारण दूरवरच्या केबलवर हे अजून सिद्ध व्हायचे आहे. प्रयोगशाळेतले तंतू मीटरात आणि किलोमीटरात मोजले जातात.

या कामाला लागणारी माणसे परदेशातच आहेत असे समजू नये. उमरग्याहून पूर्वेकडे गेले की हैदराबाद विद्यापीठ लागते. तिथे निर्मल विश्वनाथन यांच्या गटाने थोडेच मोड वाहणाऱ्या साध्या तंतूतून, नुसते ध्रुवण आणि झोत सोडण्याचा कोन बदलून, मळसूत्री आणि आरे फाकलेले झोत हवे तेव्हा मिळवून दाखवले आहेत. २०१० च्या आसपासचे हे काम महागड्या खास तंतूशिवाय झालेले आहे. तंतू ओढणारा कारखाना मराठवाड्यात, परस्परक्रिया जाणणारा गट हैदराबादेत, आणि भूकंपाचा पट्टा मधे; यांना जोडणारा दुवा आज नाही.

तो जोडण्यासाठी मोठा प्रकल्प आधी लागत नाही. भारतनेटच्या गावपातळीवरच्या जोडण्या ध्रुवण मोजतच नाहीत, त्यामुळे तिथे काही मिळणार नाही. मिळेल ते सोलापूर–हैदराबाद आणि सोलापूर–धुळे महामार्गांलगतच्या लांब पल्ल्याच्या वाहिन्यांवर. ज्या कंपन्या त्या चालवतात, त्यांनी रिसीव्हरने काढलेली ध्रुवणाची माहिती टाकून न देता साठवावी आणि भूकंपशास्त्राच्या संस्थांना द्यावी. ग्राहकाच्या संदेशाचा त्यात अंशही नसतो, त्यामुळे गोपनीयतेची सबब चालणार नाही. आणि धाराशिव, तुळजापूर, उमरगा इथल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी पुठ्ठ्याची नळी, काही मीटर तंतू, त्या तंतूत एकच मोड जाईल असा लेझर, त्या लेझरच्या तरंगलांबीला चालणारे दोन पोलरायझर आणि केबलवाल्यांकडे असतोच तो पॉवर मीटर घेऊन ४८ अंशांचा प्रयोग बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत घालावा. खर्च एका चांगल्या मोबाइलपेक्षा जास्त येऊ नये.